गजेंद्र सरांचं मांजर

▶ सुरू

दिवाळीची सुट्टी संपली की धाड गावाच्या आसपासच्या खेड्यांत नववीच्या वर्गातल्या मुली निम्म्यावर येतात. त्या आजारी नसतात. कापूस वेचत असतात. त्या वर्षी तर अळी लागत नाही म्हणून घेतलेल्या बीटी कापसाच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली होती. वाचेल तेवढा कापूस लवकर घरात आणायचा, मजूर परवडत नाहीत, म्हणून घरच्या पोरी वावरात.

कौसर त्यांतलीच. सोमवारी मधल्या सुट्टीत ती वावरातून धावतच संगणकाच्या खोलीत आली. बोटांवर बोंडांचे ओरखडे होते.

“सर, माह्ये पाठ बुडले. ते मांजर चालवायचे पाठ तुम्ही कोठून आनता? नाव सांगा ना. अब्बाच्या मोबाइलवर पाहून घेईन.”

गजेंद्र सर वायर गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, “शाळेत येत जाय, म्हणजे दिसतील.”

“वेचनी सोडून कशी येऊ, सर?”

“ते मी काय सांगू? पुढच्या सोमवारी चाचणी आहे. नाही जमली तर संगणकाच्या गटातून तुझं नाव कमी होईल. चालू कॉम्प्युटर मोजकेच, अन् जागेसाठी बाकीचे थांबून आहेत.”

कौसर डोळे पुसत वळली. आली तशी गेली.

‖ थांबवा

इथे जरा थांबू. सर वाईट माणूस नव्हते. मुलगी गेल्यावर त्यांना डबा गोड लागला नाही. मग नाव सांगायला अडचण काय होती?

◀ मागे न्या

जून महिना. गजेंद्र सर तासिकेवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, नवे लागलेले. संगणक कसा शिकवावा याचं एक पुस्तक शाळेत नाही. शोधता शोधता त्यांना एक संकेतस्थळ सापडलं. आज्ञांचे ठोकळे जोडून पडद्यावरची चित्रं हलवायला शिकवणारे, शिक्षकांनीच तयार केलेले पाठ, मराठीत, चित्रफिती आणि सरावासकट, अगदी फुकट. पहिल्याच तासाला पडद्यावर पिवळं मांजर चालू लागलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे तुम्ही बनवलं?”

सरांनी ‘नाही’ म्हटलं नाही. नुसते हसले.

संध्याकाळपर्यंत गावात झालं, “नव्या सरानं मांजर बनवलं बे!” दुसऱ्या दिवशीपासून सर संकेतस्थळाचं नाव झाकूनच पाठ दाखवू लागले.

▶ पुन्हा सुरू

त्याच सोमवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका अजीजुन्निसा मॅडमनी त्यांना बोलावलं.

“कौसर रडत गेली. काऊन?”

सरांनी चाचणीचा नियम सांगितला. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माही भाची साखरखेर्ड्याले शिकवते. तिच्याही वर्गात एक पिवळं मांजर चालते. तुमच्या मांजराचा भाऊ हाय का?”

सरांचे कान तापले. “मॅडम, पोरांना सगळं मोबाइलवर मिळालं तर मला कोण ठेवील?”

“म्हंजे भेव हे हाय तर!” मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. “बसा. आमचे अब्बा घरची सरकी बियाण्याले ठेवत. शेजारच्या उकंडरावानं मागितली का टोपलंभर देत. त्यानं अब्बाचं वावर ओसाड पडलं नाही. आता पाकिटाचं बी आलं. ते दरसाल नवंच घ्या लागते. बरं, तो कंपनीचा धंदा झाला. पन हे पाठ तर मास्तर लोकच फुकट वाटून राह्यले, अन् तुम्ही त्याले पाकिटात घालून राह्यले!”

“चुकलं माझं...”

“मले नका सांगू. अन् एक सांगा, पाठ दाखवाले तुम्हाले ठेवलं का? दाखवते तर पडदाही. अडलेल्या पोराले कोन इचारते, ‘काय समजलं नाही रे’?”

सर नमस्कार करून उठले.

मंगळवारी पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर संकेतस्थळाचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला. “हे पाठ मी बनवलेले नाहीत. हे सगळ्यांचे आहेत. घरी बघा, लहान बहिणीलाही दाखवा.”

“म्हंजे मांजर तुमचं नोहे, सर?”

“नोहे! मी नुसता त्याले दूध पाजत होतो.”

वर्ग हसला. सरांना वाटलं होतं तसं काहीच कोसळलं नाही!

दुपारी त्यांनी कौसरच्या वडिलांना, शाकिरभाईंना, फोन लावून पत्ता पाठवला. शाकिरभाई म्हणाले, “सर, वेचनी तर थांबत नाही. पन संध्याकाळी मोबाइल पोरीच्याच हाती राहीन.”

सोमवारी कौसर चाचणीला बसली. सोपे प्रश्न सुटले, शेवटच्यापाशी ती अडली. तिनं हात वर केला.

“सर, पाठ पुन्हा पुन्हा पाह्यला. माह्यं मांजर भिंतीपाशी जाते अन् तिथंच पाय मारत राह्यते. वापस काऊन येत नाही?”

सर तिच्याजवळ गेले. माउसला हात न लावता म्हणाले, “समोर भिंत हाय, हे त्याले कोणी सांगितलं?”

कौसर पडद्याकडे बघत राहिली. “कोनीच नाही... थांबा, सर!”

तिनं ‘भिंत लागली की वळ’ असा आज्ञेचा ठोकळा शोधून मधे जोडला. मांजर भिंतीला टेकलं आणि वळलं!

कौसरचं नाव गटात राहिलं. मात्र तिच्याच वर्गातल्या काही मुली त्या आठवड्यातही वावरातच होत्या, हे विसरून चालणार नाही. तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, आपल्या हाती शिकण्याची एखादी वाट फुकट आली असेल, तर ती कुठून आली हे स्वच्छ सांगावं आणि वर्गात पोचू न शकणाऱ्या मुलीच्या घरापर्यंत ती न्यावी. शिक्षकाचा मान त्यानं जात नाही. पाठ बघून झाल्यावरही ज्याच्याकडे मूल प्रश्न घेऊन येतं, तोच शिक्षक.