सालींचा वाफारा

दादाने पुढे केलेल्या पुडीचं तोंड उघडताच धाकटीला रंगावरून कळलं, यात काही उरलेलं नाही. चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही.

दादाचा बटाट्याच्या वेफर्सचा कारखाना होता. रोज निघणाऱ्या सालींच्या ढिगातून अँटिऑक्सिडंट काढायचं, म्हणजे तेल खवट होऊ न देणारी पूड बनवायची, ही कल्पना रसायनशास्त्र शिकलेल्या धाकटीची. मागच्या शेडमध्ये गळक्या नळाशेजारी तिने ती रीत बसवली. साली मशीनमधून पडल्या पडल्या वाफेवर धरायच्या, मग अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून अर्क वाळवायचा.

वाफेच्या भांड्यावरून दादाला भारी गंमत वाटे. "काय गं, कचऱ्याला सर्दी झालीय का? वाफारा देतेस तो!" वहिनी ठसका लागेस्तोवर हसे. धाकटीच्या टापटिपीचं वेड घरभर ठाऊक होतं, त्यातलंच हे एक.

पूड जमली आणि दादाने शेडचं कुलूप बदललं. वर्तमानपत्रात फोटो आला तो दादाचा, हातात तिची बरणी. "तुझं काम झालं, आता आम्ही बघतो," एवढंच तो म्हणाला. धाकटीने तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि वाट पाहत राहिली. पूड विकायची तर त्याला तेलवाल्याच्याच दारात यावं लागणार होतं.

आज तो आला होता.

सोललेली साल हवेत काळी पडते. सालीतलं जे एन्झाइम तिला काळं करतं, तेच आतलं अँटिऑक्सिडंट खातं. वाफ त्या एन्झाइमचा तिथल्या तिथे निकाल लावते. दादाने गॅस वाचवायला वाफारा बंद केला होता.

धाकटीने चाचणी चोख घेतली. एका बाटलीत नुसतं तेल, दुसरीत दादाची पूड घातलेलं. दोन्ही आठवडाभर गरम कपाटात. लबाडी करायची गरजच नव्हती. गिरणीच्या मालकांनी दोन्ही बाटल्या हुंगल्या आणि तोंड वाकडं केलं.

"दोन्ही सारख्याच खवट. नको आम्हाला."

निकाल ऐकायला आलेल्या दादाने तिला बाहेर गाठलं. "छोटे, काय चुकतंय? सख्खा भाऊ आहे मी तुझा."

"फोटोत तूच होतास ना? मग रीत तुलाच ठाऊक."

"असं तोडून बोलू नकोस गं."

"बरं. शेड गिरणीला भाड्याने दे. पूड मी बनवीन, गिरणीसाठी. मालकांशी मी बोलते. कुलूप माझं. आत कुणी यायचं नाही, तूसुद्धा."

सालींचे ढीग कुजत होते, शेजारी तक्रार करत होते. दादाने होकारार्थी मान डोलावली.

पहिल्या दिवशी गाडी ढकलणारा माणूस आला नव्हता, म्हणून सालींची ढकलगाडी दादानेच दारापर्यंत आणली. धाकटीने ती आत ओढली आणि त्याच्या तोंडावर कडी लावली. थोड्या वेळाने फटीतून वाफ बाहेर आली.

"अगं, अजून वाफारा देतेस?" बाहेरून दादा ओरडला.

"हो रे! सर्दी जातच नाहीये."

दादा खो खो हसला. पूर्वी हे हसू तिला झोंबत असे. आज तिने हात थांबवून ते शेवटपर्यंत ऐकलं. तो हसतोय तोवर त्याला काही कळणार नव्हतं.

मग तिने आच वाढवली.