सांडशी कुणाच्या हातात

चाळीस वर्सं म्या घण मारला. आमच्या लोहाराच्या घरात बाईनं घण उचलायचा आन् गड्यानं सांडशी धरायची, हीच रीत. आमचे मालक, म्हंजी तरन्नुमचे अब्बा, लाल लोखंडावर जिथं हातोडी वाजवणार, तिथंच म्या घण घालणार. त्यांनी रिकाम्या ऐरणीवर दोनदा वाजवलं की थांबायचं.

ह्या वर्सी मात्र त्यांचं डोस्कंच फिरलं. म्हणाले, ऐरण भंगारात देतो, जुम्म्याला टेम्पो येणार हाय. का, तर गिऱ्हाईक न्हाय म्हणं. न्हाय कसं? आदल्याच दिवशी तेर गावच्या शाळेतल्या शिवप्रिया बाई येऊन गेल्या हुत्या. तेरचा माल दोन हजार वर्सांमागं पार रोमला जायाचा, म्हणून शाळेच्या प्रदर्शनात मांडायला त्यांना रोमन शिपायाचा खंजीर पायजे हुता. धार नको, पण रूप जुनंच. चित्रबी दिलं त्यांनी: कंबरेत बारीक, पोटात रुंद, टोकाला निमुळता.

म्या इरेला पेटले. म्हणलं, मला शिकवा, ह्यो खंजीर म्याच करते. जमला तर ऐरण जाणार न्हाय. त्यांनी सांडशी माझ्या हातात दिली आन् घण सोता उचलला.

जीपच्या स्प्रिंगचा जुना पाटा भट्टीत घातला. संत्र्यावानी रंग आला की काढ, म्हणाले. म्या हातोडी वाजवत गेले, ते घण घालत गेले. कंबर झ्याक जमली, आन् म्या आपली थांबायची खूण ऐकत बसले. आता खूण देणार कोण? हातोडी तर माझ्याच हातात. त्यांचा घण पडतच राह्यला आन् खंजिराची भाकरी झाली.

चूक माझी, पण राग त्यांच्यावर निघाला.

"दिसत न्हाय का तुमाला?"

"न्हाय," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. सोलापूरच्या डोळ्याच्या डाक्टरनं चार म्हैन्यामागंच हात टेकले हुते. रंग तेवढा कळतो, लोखंडाची कड कळत न्हाय. मला सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून ऐरण विकायला काढली. ज्याच्या खुणेवर जल्मभर हात चालला, त्यानं एवढं लपवावं? म्या रडले, भांडले, मग च्या केला.

च्या पिऊन त्यांनी पुन्ना घण उचलला. "तू वाजव, म्या आवाजावर येतो. थांबवायला मात्र इसरू नको."

जुम्म्याला टेम्पो आला तवा दुसरा पाटा ऐरणीवर लाल हुता. चाँदपाशाभाई, ऐरण उचलू का, म्हणून भंगारवाल्यानं ह्यांना इचारलं. ह्यांनी तोंड माझ्याकडं केलं.

"तिला इचार. सांडशी तिच्या हातात हाय."

मला कुठली बोलायला सवड? लोखंड गार व्हायला लागलं हुतं. म्या हातोडी वाजवली, घण बरोबर तिथंच पडला. वाजवली, पडला. कंबर जमली तशी म्या रिकाम्या ऐरणीवर दोनदा वाजवलं, आन् त्यांचा घण वरच्या वर थांबला.

टेम्पो रिकामाच गेला.