प्रार्थनेची विनंती

लीलावतीबाईंनी त्या रविवारी ठेवणीतली साडी नेसली ती काही देवासाठी नव्हे, शकुंतलाबाईंसाठी. तीन वर्षं मनात धरलेलं उट्टं आज फेडायचं होतं.

झालं होतं असं. भोपाळात बाग सेवनियाच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या मध्यावर, ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्यानं उभं राहून सांगायचं आणि त्यानंच सगळ्यांच्या वतीनं ती करायची, अशी रीत. शकुंतलाबाई एकदा अशाच उभ्या राहिल्या आणि गळा काढून म्हणाल्या, मंजूषाच्या मनाच्या आजारासाठी प्रार्थना करू या. मंजूषा म्हणजे लीलावतीबाईंची लेक. तिला बघायला आलेली माणसं तिथंच बाकावर बसली होती! आमेन म्हणून उठली ती पुन्हा फिरकली नाहीत. वर बाई म्हणतात कशा, मी तर प्रेमानंच प्रार्थना केली. मेलं ते प्रेम! पोरगी त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही.

आता शकुंतलाबाईंच्या अमोलचं जमत होतं. नागपूरहून मुलगी नि तिचे आईवडील उपासनेला आले होते. अमोल व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलाय, हे लीलावतीबाईंना बिट्टन मार्केटात भाजी घेताना कळलं होतं. पाहुण्यांना पत्ता नव्हता. जशास तसं, तेही देवाच्या साक्षीनं. याहून गोड ते काय?

उपासना चालवणाऱ्या पाळकांनी विचारताच लीलावतीबाई उठल्या. अमोलसाठी प्रार्थना हवी, म्हणाल्या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, डोळे मिटले. बाईंनी सावकाश सुरुवात केली. प्रभू, तू या लेकराला मोठ्या संकटातून परत आणलंस... इथे त्या मुद्दाम थांबल्या आणि मागे वळून चोरून डोळे उघडले. शकुंतलाबाईंचा चेहरा बघायचा होता ना!

शकुंतलाबाईंचेही डोळे उघडेच होते. तोंड पांढरंफटक. हात जोडलेले, पण वेदीकडे नाही, लीलावतीबाईंकडे. ओठ नुसते हलत होते, नको, नको.

काय बरं वाटलं लीलावतीबाईंना! आणि पाठोपाठ अंगावर सर्रकन काटा आला. देवाच्या घरात बसून ही बाई हात जोडतेय ते मला, आणि मी ते चवीनं बघतेय. इथे हात जोडायचे ते एकाच्याच पुढे. त्याच्या जागी मी कधी जाऊन बसले? जिभेवर आलेला शब्द त्यांनी गिळला. याला खरं बोलायचं बळ दे, एवढंच म्हणून आमेन केलं.

क्षमा केली म्हणता? छे, नाव काढू नका.

प्रभुभोजनाची वेळ झाली, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायच्या भाकरीचं ताट फिरू लागलं. मनात कुणाविषयी अढी असेल तर घेऊ नये म्हणतात. अढी असलेले सगळे बिनधास्त घेतात. लीलावतीबाईंनी ताट तसंच पुढे दिलं. माना वळल्या. पाळकांनी वाकून हळूच कारण विचारलं.

"अजून राग गेला नाही माझा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "देवासमोर खोटं नाही वागणार."

ताट मागच्या बाकावर गेलं. शकुंतलाबाईंचा हात भाकरीपर्यंत गेला आणि थांबला. नागपूरच्या पाहुण्यांच्या देखत त्या उठल्या नि लेकाला म्हणाल्या, "ऊठ अमोल. आधी यांना सगळं सांगू, मग ही भाकरी घेऊ."