बुवा जेवत नाही

"हात लावून पाहा, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "पोटाला."

रुख्मिणीबाईंनी दोन बोटं पुढे केली. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात स्टीलच्या टेबलावर बुवा पसरला होता. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, हनुवटीखाली काट्याकाट्यांची दाढी. एरवी वाळूच्या रंगाचा, आज राखेसारखा.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"मे महिना आहे. बाहेर डांबर वितळतंय, आणि याचं पोट माठासारखं गार. वाळवंटातला सरडा आहे हा. अंगात ऊन भरल्याशिवाय याला भूक लागत नाही, अन् खाल्लं तरी पचत नाही. याच्या पेटीत तापवायचा बल्ब असतो ना? तो चालू असतो?"

डॉक्टर विचारताना नत्थूजींकडे पाहत होत्या. नत्थूजींनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची पुन्हा घडी घातली.

"घरचं सगळं हीच पाहते, मॅडम," ते म्हणाले.

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. नजरेत राग नव्हता. दळणाच्या डब्याचं वजन हातानं जोखावं तसं काहीतरी होतं. मग त्यांनी पदर खांद्यावर ओढला.

"हो. माह्याच्यानंच बंद राहिला."

"किती दिवस?"

"उन्हाळा लागला तवापासून."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. आवाज चढवला नाही, पण बाहेरच्या बाकावर कुत्री-मांजरं घेऊन बसलेली माणसं ऐकू लागली. "मुका जीव आहे, ताई. किळस वाटत असेल तर सांभाळायला घेऊ नये. तुमच्या मुलीचा, मयुराचा सकाळी फोन होता मला, किती काळजीत होती ती. मी याला इथेच ठेवून घेते. परत तुमच्या घरी द्यायचा की नाही, ते तिच्याशी बोलून ठरवीन."

रुख्मिणीबाईंनी मान हलवली. बुवाला ज्या जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, तो टॉवेल त्यांनी टेबलावरून उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "हा राहू द्या त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या.

नत्थूजी स्कूटरची किल्ली काढून दाराकडे वळले. बल्ब त्यांनी काढला होता.

*

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्यांची उभी नोकरी बॉयलरपाशी गेली. पाळीवरून घरी येत तेव्हा कपड्यांनाही आच असे. कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत कूलरसमोरची खाट त्यांची. मयुरानं बारावीचा अभ्यास स्वयंपाकघरात, गॅसच्या बाजूला बसून केला. बाप घरी नसतानाही ती त्या खाटेवर टेकली नाही. कोणी तसा नियम केला नव्हता. थंडावा घरात एकच होता आणि तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरीही एक गोष्ट तशीच ठाऊक होती. पाण्याची मोटर चालू ठेवून नत्थूजी झोपले आणि मोटर जळाली, तेव्हा शेजाऱ्यांना ते म्हणाले, "हिच्या ध्यानात नाही राह्यलं." भावाच्या साक्षगंधाला जायचा कंटाळा आला, तेव्हा म्हणाले, "हिची तब्येत बरी नाही." रुख्मिणीबाई चारचौघांत कधी खोडून काढत नसत. घरी आल्यावरही नाही. वर्षं गेली, आणि बायकोकडे दाखवायचं ते बोट आपोआप उठायला लागलं. वाऱ्यानं दार लागावं तसं.

निवृत्तीनंतर दोघं शहरात, नंदनवन वस्तीत राहायला आली. नोकरीसाठी हैदराबादला जाताना मयुरानं बुवाला काचेच्या पेटीसकट त्यांच्या स्वाधीन केलं. "बाबा, बल्ब दिवसभर चालू ठेवा हं," असं तिनं दोनदा बजावलं, आईलाही. तिनं त्याचं नाव रेक्स ठेवलं होतं. दाढी बघून रुख्मिणीबाईंनी त्याचा बुवा केला.

पहिल्यांदा त्यांना खरंच किळस आली. माळकरी घरातली बाई. नाकतोडा चिमट्यात धरून डोळे मिटायची, पुटपुटायची, "माफ कर रे बापा," आणि हात पेटीत घालायची. पण थंडी सरेपर्यंत बुवा त्यांच्या खांद्यावर बसू लागला. त्या तांदूळ पाखडत, तो सुपाच्या तालावर पापण्या मिटी. त्यानं खाणं सोडल्यापासून त्या जास्वंदीची पाकळी, शेवग्याचा पाला नखाएवढा खुडून त्याच्या ओठाशी धरत आणि आईच्या ओव्यांच्या चालीवर स्वतःचंच काही जुळवत.

*मुका गं पाहुना, नाई सांगे भूक*
*पानावर वाढते, माहेराचं सुख*

बुवा पाकळीकडे पाहायचा. जीभ बाहेर यायची नाही.

आणि नत्थूजींनी काय केलं होतं? एप्रिलमध्ये ऊन पेटलं, तेव्हा त्या काचेच्या पेटीत जळता बल्ब पाहून त्यांचा जीव कळवळला. जन्मभर आगीपाशी उभा राहिलेला माणूस. त्याच्या लेखी प्रेम म्हणजे गार वारा. त्यांनी बल्ब काढून फळीवर ठेवला, आपली खाट मागं सरकवली आणि पेटी कूलरसमोर मांडली. उभ्या आयुष्यात आपली जागा त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याला दिली होती. ते स्वतःवरच खूश होते.

"अहो, त्याले गार तर नाही लागत?" एकदा रुख्मिणीबाईंनी विचारलंही होतं. "दिवसभर त्या ओल्या हवेत पडून राहते बिचारा. मयुरानं बल्ब सांगितला होता."

"मले गरमी शिकवून राहिली का तू?" ते हसले होते. "बॉयलर कोणं चालवला? तू का मी?"

*

संध्याकाळी मयुराचा फोन आला. रुख्मिणीबाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि समोर भाजी निवडायला घेतली.

"आई, मी सांगितलं होतं नं तुले. एक बल्ब. फक्त एक बटन." तिचा आवाज रडका होता. "डॉक्टर म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर गेलाच असता. माझा मित्र आहे ना अंकित, धरमपेठेतला? त्याच्याकडे देते आता त्याले. तुले नसेल जमत तर राहू दे."

"बरं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. मेथीची जुडी त्यांच्या हातात तशीच राहिली. एक काडी त्या उगाच मोडत होत्या, आणखी बारीक, आणखी बारीक.

नत्थूजी खाटेवरून उठले.

"मयुरा. बल्ब मीनं काढला होता, बेटा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि हसू.

"बाबा, तुम्ही मधात नका पडू. तुम्ही काढाल बल्ब? आयुष्य बॉयलरवर काढलं तुम्ही. आईला सांभाळून घेता, नेहमीचंच आहे तुमचं. चांगले आहात तुम्ही, पण नका."

"अवं, खरंच सांगून राहिलो मी..."

"बाबा. प्लीज."

फोन ठेवला गेला. नत्थूजी उभेच राहिले. खोटं बोलून जे झाकलं, त्याची लाज त्यांना दुपारपासून होती. पण आता खरं बोलून चांगुलपणा पदरात पडला, त्याची लाज निराळी होती. ती अंगावरून पुसता येत नव्हती.

"तू काहून नाही सांगितलं तिले?" ते बायकोला म्हणाले.

"मी काय सांगू?" रुख्मिणीबाईंनी वर न पाहता म्हटलं. "तुम्ही तर दवाखान्यात सांगून बसले होते."

*

सकाळी ते चहा न घेता निघाले. दवाखाना उघडायचा होता. बाकावर एक पामेरियन, एक पिंजऱ्यातला पोपट, एक म्हातारी मांजर. प्रत्येक माणसाच्या मांडीवर कुणीतरी होतं. नत्थूजींचे हात मोकळे.

"जनावर कोणतं, काका?" कंपाउंडरनं विचारलं.

"जनावर नाही. मले मॅडमशी बोलायचं आहे."

डॉक्टर आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले. केबिनमध्ये बोलता आलं असतं. पण काल रुख्मिणी ज्या लोकांसमोर ऐकून घेत उभी होती, तसेच लोक आज इथे होते. त्यांनी इथेच बोलायचं ठरवलं.

"मॅडम, तो बल्ब मी काढला होता. माह्या बायकोनं नाही. कूलरसमोरही मीच ठेवला. तिनं मले विचारलं होतं, मी तिले हसलो. पाला-पाकळी तोंडाशी धरून तीच बसे." त्यांनी रुमाल काढला, तसाच मुठीत धरला. "तुम्ही काल जे बोलले, ते माह्यासाठी होतं."

पामेरियनवाल्या बाई दुसरीकडे पाहू लागल्या.

"मग काल का नाही बोललात?" डॉक्टरांनी विचारलं.

नत्थूजींनी उत्तर शोधलं. बरीच होती. सगळी तयार, वापरून गुळगुळीत झालेली.

"सवय आहे, मॅडम," ते म्हणाले.

डॉक्टर आत गेल्या, त्यांना बोलावून घेतलं. कोपऱ्यातल्या दिव्याखाली बुवा होता. रंग थोडा परतला होता, डोळे उघडे होते. ताटलीतलं खाणं मात्र तसंच.

"अंग तापलं आहे. पण माझ्या हातून घेत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "ताईंना घेऊन या. ओळखीच्या हातानं घेतो का पाहू. मयुराशी मी बोलते. ती माझं ऐकेल."

*

रुख्मिणीबाईंनी एवढंच विचारलं, "आताच का?" साडी बदलली, कुंडीतल्या जास्वंदीची दोन फुलं खुडून डबीत घातली आणि स्कूटरवर मागे बसल्या.

ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. स्कूटर थांबली तशी नत्थूजींनी मान अर्धी वळवली. बाजूला ऑटोवाला होता, पलीकडे दोन कॉलेजच्या पोरी.

"मीनं सांगितलं मॅडमले," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. की तुह्यावर मी उगाचच... अन् आजचंच नाही ते, रुख्मिणी. मोटर जळाली होती ना कॉलनीतली, तवाही..."

मागून डबीचं झाकण घट्ट दाबल्यासारखं वाजलं.

"समोर पाहा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "सिग्नल सुटला."