नूतनची मूठ

इंद्रायणीचे दोन्ही हात नाचणीच्या पिठात होते आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला. तोंड तर मिटलेलं, मग हे गातंय कोण? एक भाकरी तव्यावर, दुसरी परातीत अर्धी थापलेली राहिली. आवाज कुडाच्या पलीकडून, जेवणाच्या हॉलमधून येत होता, आणि त्या आवाजाखाली कुणीतरी ढोल घातला होता.

हिरव्या राबाची जुडी, बांधिते लव्हाळ्यानं
भईण माझी आली गं, नटून पावसाळ्यानं

ढुम टका ढुम. मग टाळ्या. मग कुणीतरी शिट्टी मारली.

पिठाचे हात तसेच हवेत धरून ती दारात आली.

घाटघरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत हा कॅम्प उभा राहून महिना झाला होता. बारा तंबू, पत्र्याच्या छताचा एक हॉल, आणि हॉलच्या भिंतीवर दाराएवढा टीव्ही. मालक ऋषीशेठ मंचरचा, तिकडे त्याची कांदा-बटाट्याची आडत. मॅनेजर मोहित. मोहित म्हणजे इंद्रायणीच्या धाकट्या बहिणीचा, नूतनचा मुलगा. नूतन गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून इंद्रायणीच्या ताटातलं खाऊन, तिच्याच पदराला नाक पुसून तो बावीस वर्षांचा झाला. मावशीला स्वयंपाकाचं काम त्यानंच लावून दिलं होतं.

आज पहिला रविवार, पहिले पाहुणे. पुण्याहून तीस माणसं आलेली. सकाळी ती मंडळी यायच्या आधी मोहितनं तिला हॉलमध्ये बोलावलं होतं. "मावशी, गंमत बघ." हातातल्या मोबाइलवर त्यानं बोट फिरवलं, तसं ते बोट टीव्हीवरही फिरलं. वायर नाही, काही नाही. मोबाइलमधली भाताची खाचरं भिंतीवर पसरली, मोबाइलमधला कोंबडा भिंतीवर आरवला.

"अगं बया! मंग ह्या डबड्यात काय ऱ्हायलं?"

"दोन्हीकडं येकच दिसतं. हितं हलवलं की तिथं हलतं." तेवढ्यात टीव्हीच्या वरच्या कडेला एक पट्टी सरकली. रिचार्ज संपत आल्याचा निरोप होता. मोहित हसला. "हे बघ, मोबाइलवर जे येईल ते समदं तिकडं दिसतं. लपत न्हाई काय."

"मंग जपून ऱ्हा बाबा," ती म्हणाली होती आणि हसत चुलीकडे गेली होती.

आता त्याच भिंतीवर ती स्वतः होती. गुडघाभर चिखलात वाकलेली, डोक्यावर इरलं, हातात रोपांची जुडी. आषाढातलं शेत. ढोलाच्या ठेक्यावर तिचा हात खाली जात होता, वर येत होता, कारण कुणीतरी तिचा हात तेवढाच कापून पुन्हा पुन्हा लावला होता. समोर मांडी घालून बसलेली माणसं टाळ्या देत होती. गुलाबी टोपीतली एक पोरगी उठून तसंच वाकून नाचायला लागली होती.

ढगाच्या दाराशी, माझ्या भयिणीचं घर
वाऱ्यानं उघडं, त्याला धुक्याचा पदर

गाणं इथं थांबलं. टीव्हीवर कॅम्पचं नाव आलं, *ढगाच्या दारी*. खाली बारीक अक्षरं. इंद्रायणी चौथी शिकलेली, अक्षरं जोडून जोडून तिनं वाचलं. *इथं दुःख पोचत नाही.* त्याच्याखाली ऋषीशेठचा नंबर.

तिच्या कानशिलात चुलीतल्या निखाऱ्यासारखं काहीतरी फुललं.

आवणीच्या गाण्याला चाल एकच असते. भात लावताना बाया वाकून मागं मागं सरतात आणि त्या सरण्याच्या तालावर गातात. लग्नाचं असो, सासूच्या जाचाचं असो, मरणाचं असो, चाल तीच. पाय चिखलातून जसा निघेल तसाच सूर निघणार. वरून ऐकणाऱ्याला वाटावं, बाया मजेत आहेत. आतलं फक्त शेजारच्या ओळीत वाकलेलीला कळतं.

हे गाणं इंद्रायणीनं कुणाकडून घेतलेलं नव्हतं. ते तिच्याच पोटातून आलेलं. ओढ्याकाठच्या खाचराचा एक कोपरा नूतनचा. दर आषाढात सगळी आवणी झाली की इंद्रायणी त्या कोपऱ्यात एक मूठ रोपं शेवटी लावायची. नूतनची मूठ. ती मूठ लावतानाच हे गाणं, एरवी कधी नाही. घरात नाही, जात्यावर नाही, नवऱ्यापुढंही नाही. यंदा मोहित बांधावर मोबाइल धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, आयेचं गाणं पुरं म्हण की. आठवण म्हणून ठिवतो. तुझ्यामागं कोण म्हणंल?" ह्या शेवटच्या वाक्याला ती फसली. पाठमोरी वाकून तिनं पाचही कडवी म्हटली. भिंतीवर दोनच होती.

"पावणं," ऋषीशेठ हात जोडून उभा राहिला. त्याला ती दारात दिसली आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे व्वा! ह्याच त्या मावशी! गाणं त्यांचं, आणि तुमच्या ताटातली भाकरीबी त्यांचीच!"

माना वळल्या. मोबाइल वर झाले. "मावशी, एकदा लाईव्ह होऊ दे ना!" गुलाबी टोपी ओरडली.

इंद्रायणी कुणाकडे न बघता मोहितपुढं जाऊन उभी राहिली.

"बाकीचं कुठंय?"

"मावशी, आत चल. आत बोलू."

"हितंच बोल. बाकीचं कुठंय?"

"लांब व्हतं ते. जाहिरात तीस सेकंदांची असती. कापावं लागतं."

"काय कापलंस?"

मोहितनं मान खाली घातली. मॅनेजर लिहिलेल्या त्याच्या नव्या टी-शर्टवर इस्त्रीची घडी अजून उभी होती.

"मी इचारते काय कापलंस? नाव घे तिचं!"

ऋषीशेठ मध्ये आला. आवाज मऊ, लोण्यात बुडवल्यासारखा. "मावशी, रागावता कशाला? गावचं नाव हुतंय, तुमचं हुतंय. पावणं काय रडाय आलंत का हितं? फिराया आलंत. चला, भाकरी टाका गरम गरम."

"शेठ, तुमी मधी बोलू नगा. हा माझ्या घरातला हिशोब हाय."

"अहो पण…"

"ह्या दोन कडव्यांवर तुमी पाटी रंगवली. ढगाच्या दारी! ते घर कुणाचं, इचारलं व्हतं का? मेलेल्या बाईचं घर हाय ते. जिला जमिनीवर ऱ्हाऊ दिलं न्हाई तिला मी ढगात घर बांधून दिलं. त्यात तुमी गिऱ्हाईक निजवता व्हय?"

टाळ्यांसाठी वर आलेले हात हळूहळू मांडीवर आले. मागं बसलेला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "जेवणाचं काय होणार मग?" आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

"पुरं गाणं हाय ना त्यात?" इंद्रायणीनं पिठाचं बोट मोबाइलकडे केलं.

"हाय."

"लाव."

"मावशी…"

"टाळ्या वाजवल्या त्यांनी. कशावर वाजवल्या ते कळू दे. लाव."

मोहितनं ऋषीशेठकडे पाहिलं. शेठ मागच्या भिंतीशी सरकला होता, खिशातून फोन काढून खाली बघत होता. मोहितचं बोट पडद्यावर फिरायला लागलं आणि भिंतीवर, दाराएवढ्या उजेडात, त्याचं सगळं आयुष्य वर सरकायला लागलं. तंबूंचे फोटो, मोटारसायकल, कुण्या मुलीचा अर्धा चेहरा, मावशी चुलीपुढं, मावशी शेळीमागं. तीस माणसं ते बघत होती. आषाढ आला. चिखलाचा एक चौकोन. त्यावर लिहिलेलं, चार मिनिटं बारा सेकंद. बोट त्याच्यावर येऊन थांबलं.

आणि वरच्या कडेला पट्टी सरकली.

*ऋषीशेठ.* पुढं अक्षरं. इंद्रायणी ती जोडायला लागली, पण पहिल्या रांगेतल्या चष्म्याच्या बाईंनी आधीच मोठ्यानं वाचून टाकली होती, वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"ते मेलेल्या बाईचं लावलंस तर उद्यापासून येऊ नको. म्हातारीलाही घेऊन जा."

ऋषीशेठनं फोन खिशात घातला, मग पुन्हा काढला, मग टीव्हीकडे पाहिलं. पट्टी अजून तिथंच होती.

"म्हातारी," इंद्रायणी म्हणाली. "मघाशी मावशी व्हते."

मोहितनं बोट टेकवलं.

ढोल नव्हता. वारा होता, पाण्याचा बारीक खळखळाट होता, आणि तोच आवाज. राबाची जुडी गेली, ढगाचं घर गेलं. बाई भिंतीवर मागं मागं सरत राहिली.

घोंगडीची झोळी गं, चार टोकं चौघां हाती
नूतन माझी बाई, वाऱ्यात जशी वाती

पोटातलं बाळ पुसं, आये किती दूर गाव
नूतन माझ्या बाईनं, ठेविलं न्हाई नाव

पाणी तांबडं ओढ्याचं, पल्याड गाडीचा दिवा
नूतन माझ्या बाईचा, अल्याड उडाला रावा

चाल तीच होती. मघाशी नाचलेली पोरगी टोपी हातात घेऊन उभी होती आणि बसावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

गाणं संपलं. भिंतीवरच्या इंद्रायणीनं शेवटची मूठ रोवली आणि पाठ सरळ केली. मग चित्र हललं, आभाळ आलं, बांध आला, चिखलानं भरलेले दोन पाय आले. मोबाइलमागचं कुणीतरी हुंदके देत होतं. सहा वर्षांच्या पोरानं द्यावेत तसे, आवाज दाबून. एक शब्द आला, "आये", आणि चित्र बंद पडलं.

हे इंद्रायणीला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती वाकलेली होती, तिची पाठ होती त्याच्याकडे.

चष्म्याच्या बाई डोळे पुसत होत्या. ऋषीशेठलासुद्धा वाटलं असावं की आता मावशी विरघळेल, पोराला पोटाशी धरेल, आणि सगळं मिटेल. मोहितलाही तसंच वाटलं असावं, कारण तो अर्धं पाऊल पुढं आला.

"रडलास?" ती म्हणाली.

त्यानं बाहीला नाक पुसलं.

"रडलास, आन तरी कापलंस?"

"मावशी, मला ऐकवत नव्हतं ते."

"मंग आयकू नको व्हतं! इकायला कुणी सांगितलं?" तिचा आवाज पत्र्याला जाऊन आपटला. "तुला कळलंच नसतं ना, तर येडं म्हणून दोन शिव्या दिल्या असत्या आन गप बसले असते. ह्या शेठला कळलं न्हाई, त्याला काय ठावं आवणीचं! पण तुला समदं कळत व्हतं. आये म्हणून हाक मारलीस आन त्याच हातानं तिचं नाव काढून टाकलंस. दवाखान्याची गाडी निदान वढ्यापल्याड थांबली व्हती रं. तू तर अल्याड व्हतास."

मोहितच्या हातातला मोबाइल खाली झुकला आणि भिंतीवरचं चित्र आपोआप आडवं झालं.

इंद्रायणीनं कमरेचा एप्रन सोडला, त्यालाच हात पुसले आणि तो जवळच्या टेबलावर ठेवला. मग ऋषीशेठकडे वळली. "उद्यापासून कशाला, आतापासूनच. पण जाताना माझ्या भयिणीचं घर घेऊन जाणार. पाटी उतरवा."

"मावशी, त्या नावानं बुकिंग झालंय. कागदं झाल्यात. नाव काय कुणाच्या बापाचं नसतं."

"बापाचं न्हाईच. भयिणीचं हाय."

आणि ती बाहेर पडली. मागं चुलीवर भाकरी जळल्याचा वास सुटला होता, पण ती वळली नाही. हॉलमध्ये माणसं उठल्याचे आवाज झाले. कुणीतरी शेठला विचारत होतं, "हे खरं आहे का हो?" आणि कुणीतरी जेवणाचंच विचारत होतं.

आश्विनाचं ऊन. खाली ओढ्याकाठी भात निसवलं होतं, सगळ्या खाचरात लोंब्या वाकल्या होत्या आणि कोपऱ्यातली ती एक मूठ बाकीच्यांपेक्षा थोडी उंच, थोडी उशिराची, अजून हिरवी होती. फाटकाच्या दोन बांबूंना तारेनं पाटी आवळलेली. इंद्रायणीनं टाचा उंचावून तार ओढून बघितली. बोटाला कापलं. तार तसूभर हलली नाही.

मागून शिडी ओढत आणल्याचा आवाज आला. मोहित होता. दुसऱ्या हातात पक्कड. मॅनेजरचा टी-शर्ट त्यानं काढला होता, नुसत्या बनियनवर आला होता. शिडी बांबूला टेकवून तो एकेक पायरी चढला. शिडीचा एक पाय दगडावर डगमगत होता.

"मावशी, जरा धर की."

तिनं शिडी धरली नाही. बोटाचं रक्त पदराला पुसत ती फाटकाच्या दगडावर बसली, तार तुटल्याचा पहिला आवाज आला तरी वर पाहिलं नाही.

"दुसरी बाजूबी," एवढंच म्हणाली. "आन नीट उतरव. आपटू नको तिला."