बाटलीतला पाणबुड्या

"बुवा, बाटली टेबलावर ठेवली तरी हा बाहुला बुडेल का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. शेपूटने विचारलं. सदा ताईच्या मागेमागे, म्हणून घरीदारी ती शेपूटच.

धक्क्यावरच्या गर्दीने माना वळवल्या. समुद्राचा कौल सांगणाऱ्या दर्याबुवांच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेली, बूच घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली होती. आतला काचेचा बाहुला तळाशी गेला, की समुद्र बोलावतोय म्हणायचं आणि गिऱ्हाइकांना डायव्हिंगला नेणाऱ्या बोटी सोडायच्या. आज तो गेला होता.

"बाळ, सिद्ध हात लागतो त्याला," बुवा म्हणाले. "ताईकडून शीक. सागरकन्या आहे ती."

शेपूटला हेच झोंबलं. नवा डायव्हिंगचा सूट ताईला, हवेची टाकी ताईला, आईबाबांचं कौतुक ताईला, आता समुद्रही ताईलाच?

तिने रागाने मान फिरवली, आणि समोर समुद्रातला खडक दिसला. पाणी तुपासारखं गुळगुळीत, पण मध्येच एक लांबलचक लाट येऊन खडकावर फुटत होती. दूर वादळ झालं की अशा लाटा येतात, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. हल्ली बाबा खडकाकडे बघायचेच नाहीत, बाटलीकडे बघायचे. आणि आईबाबांजवळ पाठीला टाकी बांधून उभी असलेली ताई आज तिथेच उतरणार होती.

शेपूटने बाटली हिसकावली, दाबली. बाहुला निमूट तळाशी. सोडली, वर.

"पायाला भोक आहे त्याच्या. बाटली दाबली की पाणी आत शिरतं, आतली हवा आकसते, बाहुला जड होतो. खोल गेल्यावर तुमचे कान दुखतात ना, तोच दाब."

"म्हणजे आमच्याच धंद्यातलं ज्ञान वापरून आम्हालाच फसवलं?" एक बोटवाला म्हणाला.

"नजर लागली बाटलीला," बुवा पुटपुटले आणि हळूच मागे सरकले.

"ते समुद्र कुठे बघतात?" शेपूट म्हणाली. " तुमची तोंडं बघतात. गिऱ्हाइकं खोळंबली की बाहुला बुडतो."

तेवढ्यात खडकावर फेसाचा डोंगर उसळला. बाबांचा चेहरा उतरला. "टाकी काढ," ते ताईला म्हणाले.

"जळतेस माझ्यावर," ताई फणकारली.

"जळते. पण लाट खरी आहे." शेपूट गर्दीकडे वळली. "वारा बघा, खडक बघा, पाणी गढूळ झालंय का बघा. शंका आली तर उतरू नका. बाहुल्याला काय विचारता?"

मग आईबाबांसमोर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं ठरलंय. या सुट्टीत मी डायव्हिंग शिकणार. आणि ताईचा जुना सूट चालणार नाही."