मला कणगीसारखं लिंपलं

मित्रांनो, जत्रेतली रोषणाई तुम्ही डोळे भरून पाहता. पण त्या दिव्यांच्या मागे, बांबूला तारेने आवळलेली एक पत्र्याची पेटी असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तीच मी. दुकानदार मला एसएमपीएस म्हणतात, गावात नुसतं 'सप्लाय' म्हणतात. भिंतीतून येणारी दांडगी वीज मी आधी पोटात घेते, तिला शांत करते आणि मग इवल्या पिक्सेल दिव्यांना सोसेल एवढीच घोटाघोटाने पाजते. बाळाला दूध निववून द्यावं ना, अगदी तसं.

माझ्या अंगभर जाळी आहे. ती शोभेची नाही, ती माझी नाकपुडी. काम करताना मी तापते आणि त्या भोकांतून श्वास घेते. म्हणून माझी जागा घरात, छपराखाली. उघड्यावर राहायला माझी दुसरी भावंडं असतात. त्यांचं अंग चहूबाजूंनी बंद असतं आणि पाठीवर जाड पन्हळी असतात, त्यातून त्यांची उष्णता बाहेर पडते. कोणी कुठे राहायचं, हे आमचं जन्मतःच ठरलेलं असतं.

ठाण्याच्या दुकानातून मला धर्मेंद्रने घेतलं. तो मूळचा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा, ठाण्यात मॉलच्या सजावटीच्या कामावर होता. त्याला हवा होता बंद अंगाचा सप्लाय. दुकानदार म्हणाला, "वो कल आयेगा भाई. ये अंदर का है, बाहर मत लगाना."

"कल कौन आयेगा? दे दो यही," धर्मेंद्र म्हणाला.

जव्हारच्या एसटीत त्याने मला मांडीवर घेतलं. घाटात गाडी वळली की दोन्ही हातांनी धरायचा. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय रं, मिठाई हाये का?" तर म्हणाला, "राजा हाये माझा. याच्यावर सगळा बोहाडा चमकंल." मित्रांनो, मला इतकं प्रेमाने कुणी धरलं नव्हतं. मी त्याच क्षणी त्याची झाले.

पाड्यावर त्या आठवड्यात बोहाडा होता. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात तो उत्सव. तिथे प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. त्या वर्षी पंचांनी दिव्यांचाही एक मान ठरवला आणि तो दिला धर्मेंद्रच्या धाकट्या बहिणीच्या, निशाच्या हातात. जव्हारच्या आयटीआयला विजेचं काम शिकलेली ती पाड्यावरची पहिलीच पोरगी. पंचांतले वडीलधारे देवजीबाबा तिला म्हणाले होते, "पोरी, आमच्याकडं बाईच्या हातात मान कंदी दिला नाय. तू सांभाळशील ना?"

"सांभाळीन बाबा," ती म्हणाली होती.

तिने सगळं आधी मोजलं होतं. कमानीवर किती दिवे, सगळे एकदम पांढरे पेटले तर किती वीज ओढतील, त्यावर चौथाई ताकद शिल्लक ठेवायची. भावाला फोनवर तिने बजावलंही होतं, "दादा, बाहेरचा आण. बंद अंगाचा."

आणि दादाने आणली मला.

ती मैदानात कमानीवर दिवे बांधत होती, तेवढ्यात त्याने घरामागे मला बिस्किटाच्या मोठ्या डब्यात बसवलं. चैत्राचे दिवस, पण आमच्या डोंगरात वळवाचा नेम नाही. म्हणून त्याने शेणमाती कालवली आणि झाकणाची फट, तारांची भोकं, सगळं हाताने गुळगुळीत लिंपून टाकलं. त्याची आई, पुतळी, अंगणात नाचणी पाखडत होती. तिने विचारलं, "ह्या काय करतोस रं?"

"कणगी लिंपतेस ना तू? आख्खा पावसाळा भाताला पाणी लागत नाय. मग याला कसा लागंल?"

त्याला वाटलं, मला जपलं. दाण्याला कणगीत झोपायचं असतं मित्रांनो, मला जागायचं होतं. थंडी लागू नये म्हणून कुणी बाळाच्या नाकावरून गोधडी ओढली, तर बाळाचं काय होईल?

निशाने कमानीमागे बांधलेला डबा पाहिला. "दादा, डब्यात कशाला? मी सांगितला तोच आणलास ना?"

"तोच. वरून आणखी एक कवच दिला."

"उघडून बघू दे की."

"ठाण्यात मॉल चमकवलेत मी. तू मला शिकवतेस? विश्वास नाय का भावावर?"

झाकणावर ठेवलेला हात तिने काढून घेतला.

सांजेला संबळ कडाडला, सनई सुरू झाली, गणपतीचं सोंग मैदानात आलं. निशाने बटण दाबलं आणि कमान झळाळली. पोरं ओरडली. पुतळीने तोंडाला पदर लावला. मी पेटून काम करत होते. पण श्वास येईना. माझीच धग मलाच भाजू लागली. जळून जाण्यापेक्षा थांबावं, असं आमच्या पोटात बसवलेलं असतं. सरस्वतीचं सोंग मोरावर डुलत आलं, आणि मी थांबले. मैदान काळं पडलं.

पाण्याचा एक थेंब पडला नव्हता.

"निशाबाय, बिल भरला नाय का गं?" कुणीतरी ओरडलं.

"अरे, सरस्वतीला मोबाईलची बॅटरी दाखवा रे, नायतर खड्ड्यात जाईल!"

हशा पिकला. निशा धावत डब्याकडे आली. पत्र्याला हात लागला तशी चटकन मागे सरली. मग पदराने धरून तिने झाकण उचकटलं. सुकलेली शेणमाती ढेकळं होऊन पडली आणि माझी जाळी तिला दिसली. तिने भावाकडे पाहिलं. काही विचारायचं राहिलंच नव्हतं.

देवजीबाबा काठी टेकत आले. "काय झाला?"

"दादा, सांग ना," निशा हळूच म्हणाली.

धर्मेंद्रने आधी माझ्याकडे बोट केलं. "माल डुप्लिकेट निघाला, बाबा." मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "आणि कनेक्शन हिनी केला. पोरगी हाये, शिकते अजून. चुकली."

मित्रांनो, ज्याने मला राजा म्हटलं, त्याच तोंडाने. मला वाचा नव्हती. निशाला होती, तिने एवढंच म्हटलं, "मी चुकले नाय." पण तिचा आवाज संबळात बुडाला. पेट्रोमॅक्स आणले, सोंगं पुढे नाचली. जाताना देवजीबाबा म्हणाले, "मान तुमच्याच घरात राहूं दे. पण पुढल्या साली धर्मेंद्र लावंल दिवे."

धर्मेंद्रने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी निशाने जुन्या ब्रशने माझ्या जाळीतली माती एकेका भोकातून काढली. ओटीवर, वाऱ्याला ठेवून तिने मला दिव्यांची माळ जोडली. सगळी माळ पेटली. धर्मेंद्र दारात उभा होता.

"चालतोय?" त्याने विचारलं.

"हा बिघडलाच कधी नव्हता."

तो बाहेर निघून गेला.

वर्ष झालं. मी घरातच आहे, आढ्याखाली, माझ्या जागी. परवा धर्मेंद्र ठाण्याला निघाला. पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात घुटमळला. "निशे, यंदा कंचा आणू? जरा लिहून दे ना."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आधी देवजीबाबांकडं जा. त्या दिवशी काय झाला ते सांग. मंग मी दुकानापर्यंत येते तुझ्यासंगं."

तो उभा राहिला. तव्यावरची भाकरी फुगली, उतरली, तरी उभाच. मग अंगणात उतरला. अंगणापुढे वाट दुभंगते, एक देवजीबाबांच्या घराकडे, एक एसटीच्या थांब्याकडे. निशा भाकरी सोडून दाराशी आली. मीही वरून पाहत होते.

तो थांब्याकडे गेला.

मित्रांनो, दिवे लावाल तेव्हा आधी जागा पाहा, मग आम्हाला निवडा. जेवढा भार द्याल त्याहून थोडी जास्त ताकद आमच्या अंगात राहू द्या. पावसापासून जपा, पण श्वास कोंडू नका. आणि चूक झालीच, तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. कारण ती तिथे थांबत नाही. आपल्यावर विश्वास ठेवून ज्याने झाकणावरचा हात काढून घेतलेला असतो, त्याच्याच माथी ती जाऊन बसते.